एका हातात मावणारा साबण

मित्रांनो, मी एक जुना साबण आहे. आता साबण कधी जुना असतो का, असं तुम्ही म्हणाल. तुमचंही बरोबर आहे. आम्हाला म्हातारपण नसतंच मुळी, आम्ही झिजतो आणि संपतो. पण मी ज्या घरी आलो, त्या घरात साबण संपू द्यायची पद्धत नव्हती. वडी झिजून पातळ झाली की घरची आजी ती ओली करायची, नव्या वडीच्या पाठीवर दाबायची आणि वाळत ठेवायची. दोन्ही अशा काही एकजीव व्हायच्या की सोडवून दाखवा. म्हणून माझं अंग असं पट्ट्यापट्ट्यांचं आहे, हिरव्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर गुलाबी. नात मला ‘गोधडी’ म्हणायची. मला ते नाव आवडायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेल उकळलं, त्यात खार पडला, साच्यातून कापून निघालो आणि छातीवर कंपनीचं नाव ठसवून घेतलं. त्या नावाचा मला फार तोरा होता. पहिल्याच आठवड्यात ते धुऊन गेलं आणि तोराही उतरला.

घरचे आजोबा शिंपी. शिंप्याला साबणाची किंमत कळते बरं का. आजी चिकटवायला घ्यायची त्यातला एखादा वाळका, टोकदार तुकडा ते दुकानात न्यायचे आणि त्याने कापडावर खुणा करायचे. खडूचा डाग राहतो, साबणाची रेघ पहिल्या धुण्यात जाते, असं ते गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचे. माझ्या कितीतरी भावंडांनी लोकांच्या कोटांवर रेघा मारल्या आहेत.

मग आजोबांना झटका आला. जीव वाचला, पाय सावरले, पण डाव्या हाताची मूठ वळली ती वळलीच; बाकीच्यांना मात्र हात नुसता अशक्त झालाय असंच वाटायचं. दुकान मुलाने विकलं. आजोबांना जेवण वाढून मिळू लागलं, सदऱ्याची बटणं दुसरं कुणी लावू लागलं. लोकांच्या सदऱ्यांना आयुष्यभर काजं केलेल्या माणसाला हे किती लागलं असेल, ते मी सांगायला नको. एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली. आंघोळ. बाथरूममध्ये जायचं, आतून कडी लावायची आणि आपली आंघोळ आपण करायची.

ती कशी, ते फक्त आजीला आणि मला माहीत होतं. आजोबा स्टुलावर बसायचे. उजव्या हातात मला घेऊन सगळं अंग चोळायचे. पण उजवा हात कोण धुणार? तर मला दोन गुडघ्यांत घट्ट धरायचे आणि उजवा दंड, कोपर, मनगट माझ्यावर घासायचे, सुतार लाकूड घासतो तसे. मी निसटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचो. साबणाने न निसटणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. बाहेर आजी कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि मधूनच विचारायची, “झालं का हो?” आतून उत्तर यायचं, “होतंय, होतंय. राजासारखं होतंय.”

आजी गेली. त्यानंतरही आजोबा पातळ तुकडा नव्या वडीवर दाबायचे, एका हाताने, गुडघ्यात धरून. वाकडा बसायचा, पण बसायचा.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. मायाळू बाई, तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. एके दिवशी तिने आजोबांच्या पोटऱ्या पाहिल्या. कातडी कोरडी पडून तडकली होती.

“बाबा, ही वडी बंद करा बघू,” ती म्हणाली. “कडक असतो हा साबण. मी तुमच्यासाठी जेल आणलंय, चांगल्यातलं. नुसता पंप दाबायचा, हातावर घ्यायचं आणि लावायचं.”

“शिवाय सगळ्यांनी एकच साबण वापरायचा म्हणजे शीच,” नात म्हणाली.

आजोबांनी बाटलीकडे पाहिलं. एका हाताने पंप दाबायचा, दुसऱ्या हाताने खाली धरायचं. मला क्षणात कळलं. त्यांनाही कळलं. बाकी कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

“मला वडीच बरी,” आजोबा म्हणाले.

“का पण?”

“सवय आहे.”

सून नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “आईंची आठवण आहे हो ती. त्या चिकटवायच्या ना. सुटेल हळूहळू.”

आजोबांनी ते ऐकलं आणि तसंच राहू दिलं. हात चालत नाही म्हणण्यापेक्षा बायकोची आठवण येते म्हणणं त्यांना सोपं गेलं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. पण मला फक्त फेस काढता येतो.

त्यानंतर घरात वडी आली नाही. आजोबा मला पुरवून पुरवून वापरू लागले. तरी मी झिजलोच, आणि शेवटी इतका पातळ झालो की गुडघ्यात धरलं तर मोडलो असतो. तेव्हा त्यांनी मला फळीवर ठेवून दिलं आणि नुसत्या पाण्याने आंघोळ सुरू केली. बाटली भरलेली दिसली तर कुणीतरी विचारेल. म्हणून ते रोज पंप दाबायचे, जेल फरशीवर पडायचं आणि ते तांब्याने पाणी ओतून मोरीत घालवायचे. बाटली उतरत गेली. सून खूश झाली. “बघा, लागली की नाही सवय?” ती म्हणाली. आजोबा म्हणाले, “लागली.”

मी फळीवरून हे रोज पाहत होतो. असं पाहत राहण्यापेक्षा मोरीतून वाहून गेलो असतो तर बरं, असं मला वाटायचं.

एका सकाळी जेल फरशीवर पडलं आणि दारावर थाप पडली.

“आजोबा, झालं का? मला उशीर होतोय.”

“होतंय, होतंय,” म्हणत आजोबा घाईने उठले. पाणी ओतायचं राहिलं. पाय सरकला. त्यांनी फळी धरायला हात टाकला आणि फळीवरून मीही खाली आलो. नळ चालूच होता. दार तोडून मुलगा आत येईपर्यंत सगळं जेल वाहून गेलं होतं. फरशीवर दोघेच होतो, आजोबा आणि त्यांच्या पायाशी मी.

“या साबणाने घात केला,” मुलगा म्हणाला. “अजून जपून ठेवला होता इथे.”

आजोबांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मग तोंड मिटलं. मी त्यांना दोष देत नाही. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सुनेने रडत रडत मला खिडकीबाहेर फेकलं. मी खालच्या पन्हाळीच्या कोपऱ्यात अडकलो. तिथून मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून घरी आले ते कुणी धरलं तरच चालण्यापुरते. दार नवं बसवलं, त्याला आतून कडी ठेवली नाही. आता मुलगा आंघोळ घालू लागला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “बाबा, हात पुढे करा. तळहातावर देतो थोडं, तोंडाला तुमचं तुम्ही लावा.”

आजोबांनी उजवा हात पुढे केला असावा.

“हा नाही, तो डावा करा. उजव्याने भिंतीची दांडी धरा, पडाल.” आणि मग, “बाबा, मूठ उघडा ना.”

“उघडत नाही रे.”

नळ बंद झाला. मुलगा बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. “मग एवढे दिवस बाटली कशी दाबत होतात?”

“दाबत होतो. खाली पडायचं.”

“आणि सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं, तर कडी काढली असतीत.”

मुलगा रडला. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी घरात नवी वडी आली. कागद फाडल्याचा आवाज मला ओळखीचा आहे. मुलाने ती आजोबांच्या उजव्या हातात दिली असावी, कारण आजोबा म्हणाले, “चांगली आहे. वासही चांगला आहे.” मग म्हणाले, “घे, आता तूच लाव.”

मित्रांनो, वडी चांगली की बाटली, यावर तुम्ही खुशाल वाद घाला. माझं मागणं एवढंच आहे, की दुसऱ्यासाठी निवडाल तेव्हा आधी त्याचे हात बघा. आणि तो ‘सवय आहे’ म्हणाला, तर जरा थांबून पुन्हा विचारा. माझ्या घरात पुन्हा कुणी विचारलं नाही. सगळे प्रेमाने वागले आणि तरी हे झालं.

माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. मला चिकटवून घ्यायला इथे कुणी येणार नाही. सकाळी मी अजून कान देऊन असतो. नळ सुटतो, बादली सरकते, मुलगा काहीतरी बोलत राहतो. कडी लागल्याचा आवाज येत नाही.