साध्या पाण्यातले मासे

“सर, सगळ्यात कमी औषधाच्या टबातले मासे बी उलटे झाले,” प्रगती दारातूनच म्हणाली. “तलावात जेवढं मारनार हायेत ना, तेवढंच हाये त्याच्यात.”

सुधाकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. मावला गावातली ही लॅब त्यांच्या मालकीची. जैनथकडच्या एका गावतलावात जलपर्णी माजली होती. ती मारायला एका कंपनीनं औषध दिलं होतं आणि त्यानं मासे मरतात की जगतात, एवढंच लॅबनं सांगायचं होतं. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हवा होता. फवारणीचा ट्रॅक्टर मात्र कालच तलावावर जाऊन उभा राहिला होता. रिपोर्ट काय येणार हे ट्रॅक्टरला आधीच कळलं असावं.

“साध्या पान्यातले?”

“ते ठणठणीत हायेत. मस्त पोहून राह्यले.”

“मंग त्या टबात नळाचं पानी सोड.”

प्रगती जागची हलली नाही. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतो. ते पाणी रात्रभर उघडं ठेवायचं आणि मगच माशांना द्यायचं, हे लॅबमध्ये झाडू मारणाऱ्यालाही माहीत होतं. साहेबांना तर होतंच. म्हणूनच ते सांगत होते.

“मरतीन ना सर ते.”

“मरू दे. साध्या पान्यातले बी मेले तं औषधाचा काय दोष? मासेच आजारी होते असं लिहू.”

“मी नाई करनार.”

“नको करू,” ते सहज म्हणाले. उठले आणि स्वतः नळी लावून आले. येताना रुमालानं हात पुसत आले.

त्याच नळीनं या माणसाला झोडपून काढावं असं प्रगतीला वाटलं. पण ती मुकाट्यानं टब धुवायला बसली. शाळामास्तराची मुलगी ती. मान वर करून बोलायचं, असं घरात लहानपणापासून ऐकलेलं. आणि इथं नोकरी लागल्यापासून “हो सर” याशिवाय तोंडातून काही निघालेलं नाही. सकाळी घरच्यांचे डबे भरायचे, जैनथहून ऑटो पकडायचा, दिवसभर पाणी बदलायचं, मेलेले मासे वेचायचे. हाताचा वास काही केल्या जायचा नाही, म्हणून लग्नाच्या पंगतीत ती टोकाला बसायची. या सगळ्यात एकच गोष्ट तिची स्वतःची होती. साध्या पाण्यातले मासे तिनं कधी मरू दिले नव्हते.

दुपारी चंपत आला. मासे त्यानंच आणून दिले होते, त्याच तलावातले. ॲल्युमिनियमच्या हंड्यात जिवंत मासे घेऊन तो बसनं येई आणि वाटभर हातानं पाणी थापटत राही, म्हणजे माशांना हवा मिळते. शिंतोडे उडतात म्हणून बसमधले लोक शिव्या घालत. तो हात थांबवत नसे.

“जगले का माहे पोट्टे?” त्यानं हसत विचारलं.

“आजारी मासे आनले तुमी, चंपतराव,” सुधाकरराव म्हणाले. “साध्या पान्यात बी मेले.”

चंपत टबाशी गेला. पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते.

“माहीच चूक हाय साहेब,” तो हळूच म्हणाला. “बस मावल्यापाशी आली अन् माहा डोळा लागला. हात थांबला असन. हवा नाई भेटली त्यायले.” मग प्रगतीकडे वळून त्यानं हात जोडले. “तुमची मेहनत वाया घातली बाई म्या. आमच्या मच्छीमार सोसायटीत नोका सांगू.”

“असू द्या, असू द्या. होतं असं,” सुधाकरराव मोठ्या मनानं म्हणाले.

त्या “असू द्या”नं प्रगतीचं डोकं फिरलं. मासे मारले ते मारले, वर माफीही घेतो हा माणूस!

“हात नाई थांबला तुमचा काका!” ती एवढ्या जोरात ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. “तुमचे मासे चांगले होते. यायनं मारले. नळाचं पानी सोडून मारले, माह्या डोळ्यादेखत! अन् बाकीचे औषधानं मेले.”

“प्रगती, उद्यापासून येऊ नको.”

“उद्याचं काय सांगता? आत्ताच चालली मी. थू तुमच्या रिपोर्टावर!”

चंपत एकदा तिच्याकडे, एकदा साहेबांकडे बघत होता.

“मंग इथं काऊन बोंबलून राह्यली पोरी?” तो म्हणाला. “तळ्यावर चाल. तिथं सांग.”

अंगावरच्या ॲप्रनसकट ती त्याच्याबरोबर ऑटोत बसली.

तलावाच्या बांधावर ट्रॅक्टर उभा होता. मच्छीमार सोसायटीची माणसं जमली होती. प्रगतीनं सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, त्याचाही तिला राग आला.

“मले तं औषधाच्या कंपनीच्या मालकाचा फोन आला,” पाइप हातात धरलेला ड्रायव्हर म्हणाला. “रिपोर्ट चांगला हाये म्हनते. चालू कर म्हनते.”

माणसं कुजबुजू लागली. कोणी म्हणालं तहसीलदाराला अर्ज देऊ, कोणी म्हणालं आधी सरपंचाला विचारू. या तलावात जाळी ओढण्यात जन्म गेलेली विठाबाई बांधावर बसून ऐकत होती. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

“तुमचा अर्ज पोचेलोक तळं मरन,” ती म्हणाली. लुगडं खोचलं, जलपर्णी बाजूला सारत पाण्यात शिरली आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. “मार रे पोट्ट्या आता. मार.”

ड्रायव्हरनं पाइप खाली केला. इकडं तिकडं बघितलं.

मग चंपत उतरला. त्याच्यामागून प्रगती. चिखलात पाय रुतत होते, पाणी गार होतं. विठाबाईशेजारी ती उभी राहिली तेव्हा बारके मासे येऊन तिच्या पोटऱ्यांना टोचू लागले. ते बुजू नयेत म्हणून ती हलली नाही.