भोवरेबाबांचा टब आणि नवीकोरी बादली

बंगलेवाल्या काकूंच्या बाथरूमपासून सुरू झालेली रांग जिना उतरून, बैठकीतून वळसा घेऊन पार फाटकाबाहेर गेली होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अख्ख्या वस्तीचं पाणी तुटलंय आणि काकूंनी आंघोळीचं अन्नछत्र उघडलंय.

मी पान्यांची पिशवी घेऊन जिना चढायला लागलो, तर खालून कुणीतरी ओरडलं, "ओ, रांगेत या!"

"मी आजारी नाही. प्लंबर आहे. टबाचं पाणी उतरत नाही म्हणून काकूंनी बोलावलंय."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," एक म्हातारबुवा म्हणाले. "पहिल्या दिवशी मीपण काकांना पेपर द्यायला आलो होतो."

वर गेलो. बाथरूम कसलं, माझ्या घराची एक खोली मावेल त्यात. मधोमध होडीएवढा पांढरा टब, बाजूंना पाण्याचे झोत सोडणारी आठ तोंडं. टबात चाळीशीचा एक शिंपी हाफपँटवर बसलेला, चेहरा असा की आत्ता निकाल लागणार आहे. आणि टबाच्या काठाशी भोवरेबाबा. पांढरा झब्बा, पांढरी दाढी, गळ्यात पांढरा टॉवेल. सगळा माणूस धुवून वाळत घातल्यासारखा.

बाबांनी बाटलीतलं हिरवं तेल पाण्यात ओतलं, डोळे मिटले आणि सुरू झाले, "वळ! वळ! नसानसांतल्या विषा, भोवऱ्यात वळ! हाडात लपलास तर हाडातून वळ! मणक्यात बसलास तर मणक्यातून वळ!"

असं म्हणत त्यांनी हळूच अंगठ्यानं बटण दाबलं.

घर्रर्र! आठही तोंडांतून पाणी उसळलं, आणि पाण्याबरोबर काळ्या काळ्या चिंध्या. जळक्या कागदाचे तुकडे असावेत तशा. शिंप्याच्या पोटाभोवती गोल गोल फिरायला लागल्या. दारातल्या मंडळींनी "आई गं!" म्हणून श्वास ओढला.

"बघ!" बाबा म्हणाले. "तुझी बारा वर्षांची पाठदुखी!"

"बाबा, नऊच वर्षं झालीत."

"तीन पुढची काढून ठेवली."

शिंप्यानं हात जोडले. मोजून दीड मिनिटानं बाबांनी बटण बंद केलं. हे मी लक्षात ठेवलं. कामाच्या माणसाची नजर आधी बटणाकडं जाते, दाढीकडं नंतर.

मी वळलो, आणि बघतो तर काय! रांगेत दुसऱ्या नंबरावर, भिंतीला टेकून, एक चप्पल पायात आणि एक हातात धरून माझी ताई उभी होती.

ताईला पंधरा वर्षांची साखर. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती चिघळतच गेली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी या, अंगठा काढू. थांबलात तर पाऊल काढावं लागेल." आज रविवार होता. आई गेल्यावर मला मोठं केलं ते हिनं. शाळा बुडवली म्हणून लाटणं घेऊन गल्लीभर माझ्यामागं धावली होती ती याच पायांनी.

"ताई, तू इथं?"

"ओरडू नकोस. उद्या मी दवाखान्यात येत नाही. फोन करून सांगितलंय तसं."

"काय?"

"दोनदा बसले टबात. दर वेळी केवढं काळं निघालं माहितीय? बाबा म्हणाले, तिसऱ्या खेपेला जखमेतलं सगळं सडकं निघून जाईल. अंगठा शाबूत राहील."

"पट्टी सोडून बसलीस त्या पाण्यात?"

"मग काय पट्टीला बरं करायचंय?"

माझ्या डोक्यात सणक गेली. पण ताई ज्याच्या दरडावण्यानं ऐकेल, असा माणूस अजून जन्माला यायचाय. मी काकूंना बाजूला घेतलं.

"काकू, हा टब तुम्ही पहिल्यापासून वापरता?"

"छे रे! घराबरोबर आला तो. नळाला पाणी दिवसाआड, म्हणून सात वर्षं त्यात पाणी साठवायचो. हे त्यात गोधड्या भिजवायचे. बटण कधी दाबलंच नाही, विजेचं बिल येईल म्हणून. मग हे बाबा गाद्या विकायला आले होते. हात धुवायला आत गेले, सहज बटण दाबलं, आणि माझ्या हातातल्या चादरीवर काळं उडालं. बाबा तिथंच म्हणाले, बाई, ही तुमची गुडघेदुखी."

"तुम्ही टबात होतात?"

"नाही, दारात. पण गुडघे माझ्याबरोबरच होते ना!"

"आणि टब धुता कधी?"

"बाबांनी सक्त मनाई केलीय. साबण लागला की शक्ती जाते."

आता माझी ट्यूब पेटली. मी बाथरूमच्या दारात उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बाबा, ताईच्या आधी मला बसवा."

"तुला कसला त्रास?"

"मला नाही. हिला." बाहेर जाऊन फरशी पुसणाऱ्या बाईंच्या हातून मी बादली आणली. लाल, प्लास्टिकची, कालच दुकानातून आलेली. वरचं लेबलसुद्धा निघालेलं नव्हतं.

शिंप्याला टबातून उठवलं आणि पिशवीतली तार घालून मी टबाचं भोक मोकळं केलं. मूठभर काळा गाळ आणि शिंप्याचं एक बटण निघालं. टब पुसला, झोतांच्या चार बोटं वर येईल इतकं स्वच्छ पाणी भरलं, आणि बादली मधोमध सोडली. तेल नाही, मंत्र नाही. बटण दाबलं.

घर्रर्र! काळ्या चिंध्या बादलीभोवती फेर धरून नाचायला लागल्या.

दारातली मंडळी टाचा उंचावून बादलीकडं बघायला लागली.

"सांगा बाबा," मी म्हणालो. "बादलीला काय झालंय? संधिवात?"

मला वाटलं, संपलं. पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "वस्तूलाही दोष असतो, बाळा. ज्याच्या हातून ती आली, त्याचं पाप तिला चिकटतं. ही बादली विकणाऱ्याचं पाप आहे हे."

आणि मंडळी माना डोलवायला लागली हो! "बरोबर आहे," म्हातारबुवा म्हणाले. "मला वाटलंच होतं."

तेवढ्यात रांगेतून कोपरं मारत एक जाडजूड गृहस्थ पुढं आले. हार्डवेअरवाले शेठ. घोट्याच्या सुजेसाठी नववा नंबर लावून सकाळपासून उभे होते.

"कुणाचं पाप म्हणालात?"

बाबांचा हात दाढीतच थांबला.

"माझ्याच दुकानातली आहे ती! माझ्या हातानं दिलीय काकांना! बोला ना, कसलं पाप केलं मी? आणि माझं पाप एवढं काळं असेल, तर मला नववा नंबर का दिलात? पहिला द्यायचा!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मी संधी साधली.

"एवढंच करा, बाबा. तुम्हीच बसा आत. तुमच्याइतका निर्मळ माणूस या घरात नाही. तुमच्या भोवती पाणी स्वच्छ राहिलं, तर मी ताईला उचलून आत ठेवतो."

बाबा एक पाऊल मागं सरले. "मी... सकाळीच आंघोळ केलीय."

"याच टबात?"

उत्तर काकांनी दिलं. त्या घरात काका बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. "नाही. ते खालच्या मोरीत, तांब्यानं. रोज. टबात एकदाही नाही."

ताईनं हातातली चप्पल खाली टाकली. बाबांकडं बघत विचारलं, "का हो?"

मग मीच सांगितलं. "ताई, टब रिकामा केला तरी आतल्या पाइपांत तांब्या-दोन तांबे पाणी उरतं. ते तुंबतं, कुजतं, आतून बुळबुळीत काळा थर धरतो. इथं तर सात वर्षं धरलाय. मोटर लावली की त्याचे पापुद्रे सुटून बाहेर येतात. आणि हे तेल ओततात ना, ते त्या थराला खाऊ घालणं झालं. दीड मिनिटात बंद का करतात? सगळं एकदम निघून गेलं, तर उद्या काय दाखवणार?"

"मग काढ सगळं," ताई म्हणाली. "माझ्यासमोर काढ."

कढत पाणी भरलं. झोतांत हवा मिसळणाऱ्या कळा बंद केल्या, म्हणजे पाणी पाइपांतून जोरात फिरतं. माझ्या पिशवीत भांडी धुवायच्या मशीनची पावडर असते, जिचा फेस होत नाही, ती दोन चमचे टाकली आणि मोटर चालू केली. म्हटलं, पंधरा मिनिटं चालू दे.

पण काकूंचा संताप आता कुठं भरात आला होता. सात महिने गुडघे धरून त्या या पाण्यात बसल्या होत्या. माझी पाठ वळली, आणि त्यांनी कपडे धुवायच्या साबणाचा अख्खा पुडा टबात उपडा केला.

"काकू, नको!"

उशीर झाला होता. फेस उठला तो टबाबाहेर, फरशीवर, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. राखाडी, काळे ठिपके असलेला. मंडळी टॉवेल टाकून जिन्यावरून पळाली. बाबा कोपऱ्यात अडकले होते. आधी झब्बा गेला, मग दाढी, मग फक्त आवाज राहिला, "अरे, बंद करा! अंगाला लागतंय! घाण आहे ती, घाण!"

"ऐकलंत?" शेठ जिन्यातून ओरडले. "बाबा स्वतः म्हणतायत!"

मोटर बंद करून मी बाबांना हाताला धरून बाहेर काढलं. ते फाटकातून गेले ते गाद्यांच्या ऑर्डरींची वहीसुद्धा न घेता.

मग मी काम पुरं केलं. तोंडांच्या चकत्या फिरवून काढल्या, जुन्या टूथब्रशनं घासल्या. साध्या पाण्यानं तीनदा टब भरून फिरवला. पहिलं पाणी काळं, दुसरं चहासारखं, तिसरं नितळ. ताई स्टुलावर बसून सगळं बघत होती. तिसऱ्या पाण्यात तळाचा पांढरा रंग दिसला, तशी तिनं मला विचारलं, "म्हणजे सगळं गेलं?"

"टबाचं गेलं, ताई. तुझा पाय आहे तसाच आहे."

तिनं खाली टाकलेली चप्पल उचलली. मग म्हणाली, "रिक्षा बोलाव. सोमवारची वाट कशाला?"

अंगठा गेला. शेजारचं बोटही गेलं. त्या पाण्यानं जखम चिघळून वर चढली होती, डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या. पण पाऊल राहिलं. ताई चालते, थोडी लंगडत, आणि माझ्यामागं लाटणं घेऊन यायला तेवढं पुरतं.

मंडळी, मी शिकलेला माणूस नाही, पाइपात हात घालून जे कळतं तेवढंच मला कळतं. कुणी तुमच्यातून काही काढून दाखवलं, तर ते तुमच्यातूनच निघालं का, हे आधी बघा. ताईनं तर त्याची सवयच करून टाकलीय. परवा दारात एक जण आला. हातातली तांब्याची पट्टी पाण्यात बुडवली की पाणी निळं होतं म्हणे, आणि घरातली नजर उतरते. ताईनं आतून काकूंनी देऊन टाकलेली तीच लाल बादली आणली, पाणी भरून पायरीवर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चालव," म्हणाली. "पण बादली उचल, आणि माझ्या घरापासून लांब, त्या गल्लीच्या टोकाला नेऊन चालव. तिथंही निळं झालं, तर नजर कुणाची ते आपण दोघं मिळून शोधू."