मोरीतलं ब्रह्मचक्र

विक्रोळीच्या त्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दीडशे माणसं हात जोडून बसली होती. स्टेजवर झेंडूच्या माळांमध्ये दाराएवढा फोटो. काळं आकाश, मध्ये पांढरा भोवरा, भोवती चांदण्यांचा सडा. चंद्रप्रकाश महाराजांनी डोळे मिटले की कोऱ्या कागदावर हे ब्रह्मचक्र म्हणे आपोआप उमटायचं.

"हे नवीन चक्र पहिल्यापेक्षा पॉवरफुल आहे," महाराज माइकवर म्हणाले. "क्वांटम ऊर्जा! डायबेटीस, बीपी, साडेसाती, एका दर्शनात क्लिअर. इन्सुलिन टोचलंत की ऊर्जा त्या भोकातून गळते."

लोकांनी माना डोलावल्या. मी शेवटच्या रांगेत आत्याशेजारी दात खात बसले होते.

ते पहिलं चक्र माझं होतं. गोराईच्या किनाऱ्यावरून मी देवयानीचे, म्हणजे आपल्या शेजारच्या सर्पिल दीर्घिकेचे, तीनशे फोटो काढले. कॉम्प्युटरवर एकावर एक रचले, तेव्हा कुठे तिचा फिकट भोवरा दिसला. हौसेने बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये महाराजांचा शिष्य कुंडलिकही होता. महिन्याभरात माझ्या देवयानीला हार चढला.

आणि माझ्या शेवंतीआत्याने, जिने बाजारात मासे विकून मला शिकवलं, तो फोटो बघत इन्सुलिन सोडलं. पायाचा अंगठा काळा पडला, कापावा लागला. महाराज म्हणाले, चक्र होतं म्हणून अंगठ्यावर निभावलं. आत्या पुन्हा इंजेक्शन घेईना. आता पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी मूळ फोटो घेऊन महाराजांकडे गेले, तर म्हणाले, "बाळ, तुझ्या कॅमेऱ्यातही तो मीच उमटवला." आत्याने मलाच गप्प केलं. त्या दिवशी ठरवलं, याला चारचौघांत उघडा पाडायचा.

म्हणून मी दुसरा फोटो काढला आणि एक शब्द न लिहिता ग्रुपवर टाकला. पंधरा दिवसांत तो इथे, हारात.

मी आत्याला हाताला धरून स्टेजजवळ नेलं. "आत्या, नीट बघ गं. या चांदण्या कसल्या?"

तिने चष्मा पुसून पुन्हा लावला. जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"ही खवलां आसत," ती म्हणाली. "मांदेलेची. चाळीस वर्सां हीच काढतंय, माका कळाचा नाय?"

मी मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढच्या रांगेत फिरवला. आमची काळ्या कडप्प्याची मोरी, मासे धुतलेलं पाणी, साबणाचा फेस, आणि जाळीकडे गोल फिरत जाणारी खवलं.

"महाराज, आमच्या मोरीतही तुम्हीच उमटवलंत ना?" मी विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. कुंडलिकने माइक बंद केला. आत्या लंगडत स्टेजवर चढली आणि बँडेजचं पाऊल महाराजांसमोर टेकवलं.

"चक्र उमटता ना तुझ्या ध्यानात? मगे माझो आंगठो उमटव बगया."

महाराजांना घाम फुटला. ते बघून मला बरं वाटलं, अजूनही वाटतं. सूडच होता तो, नाही कशाला म्हणू?

असा फोटो कुणी दाखवला तर एवढंच विचारा, कुणी काढला, कुठून, कसा. खरा फोटो काढणारा तासभर कौतुकाने सांगत बसेल, लबाड डोळे मिटून घेईल. आणि डॉक्टरांचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आत्या आता आधी इंजेक्शन घेते, मग बाजारात जाते. पाऊल वाचलं. अंगठा काही उमटला नाही.