मी बादली सोडली नाही

मित्रांनो, मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसणार नाही, आणि धक्के मलाही सोसत नाहीत. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना नालाकृती चुंबक. अंगावरचा लाल रंग निम्मा उडालेला, दोन पाय आणि पायांना चिकटलेली एक आडवी लोखंडी पट्टी. म्हाताऱ्याच्या हातात काठी, तशी माझ्या पायांत पट्टी. ती असली की बळ टिकतं.

कारखान्यात पोलादाचा तुकडा वाकवून मला घडवलं, तेव्हा मी नुसताच वाकडा होतो. मग तारेच्या वेटोळ्यात धरून वीज सोडली आणि मी चुंबक झालो. भीती तेव्हापासूनची. मिळालेलं जाऊही शकतं ना! चुंबकाला तापवलं, आपटलं, ठोकलं की त्याचं बळ जातं. माझ्या थोरल्या भावाला एका हुशार विद्यार्थ्याने "बघू या काय होतं" म्हणत बर्नरवर धरलं. व्हायचं ते झालं. भाऊ आता मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद दाबून असतो. एकदा मला त्याच्या शेजारी ठेवलं होतं. मी ओढल्यावर आला जवळ, पण तसा खिळासुद्धा येतो.

माझं काम वर्षातून एकदाच. प्रयोगशाळेचे मदतनीस मामा लोखंडाचा कीस आणि पिवळं गंधक कागदावर एकत्र करायचे. दोन्ही मूलद्रव्यं. कालवली की झालं मिश्रण. मी वरून फिरलो की कीस टुणकन उडी मारून मला चिकटायचा आणि गंधक ढिम्म बसून राहायचं. मिश्रणातली मंडळी एका घरातल्या भाडेकरूंसारखी असतात. घर एक, सवयी आपापल्या. मग मामा तेच मिश्रण परीक्षानळीत तापवायचे. ते लालभडक व्हायचं आणि निवल्यावर काळा खडा उरायचा. त्या खड्यातलं काही माझ्याकडे येत नसे. लोखंड आणि गंधक जुळून तिसरंच काही झालेलं असे, म्हणजे संयुग. मुलं टाळ्या वाजवत. टाळ्या कोणासाठी, हे मी कधी विचारलं नाही. बर्नर माझ्यापासून वीतभर अंतरावर असायचा, तेवढंच मला दिसायचं.

मामांना काहीही टाकवत नाही. मागच्या वर्षीचा काळा खडा त्यांनी खलात कुटला आणि एका रिकाम्या तपकिरी बाटलीत भरला. बाटलीवर आधीपासून लिहिलेलं होतं, 'लोखंड + गंधक, मिश्रण'. मामांनी ते तसंच राहू दिलं. त्यांचं म्हणणं, "काळं झालं म्हणून काय झालं? आत तेच दोघं आहेत ना!"

या वर्षी नव्या बाई आल्या. पहिलाच तास, त्यात मागच्या बाकावर मुख्याध्यापक बसलेले. बाईंनी मला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्यांनी त्याच बाटलीतली पूड कागदावर ओतली. रंग काळा होता खरा, पण लेबल वाचल्यावर रंग कोण बघतं! माझी पट्टी काढून त्यांनी मला वरून फिरवलं.

काही नाही.

पुन्हा फिरवलं. एक कणसुद्धा हलला नाही. गेल्या आठवड्यात मी कपाटातून पडलो होतो. तेव्हाच गेलं असणार सगळं. मी संपलो आणि मला कोणी कळवलंही नाही!

"बाई, चुंबक मेला?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"मरत नाही गं तो. म्हातारा झालाय."

"म्हणजे आमच्या आजोबांसारखा. तेही हल्ली कोणाला जवळ बोलवत नाहीत."

वर्ग हसला. मुख्याध्यापक हसले नाहीत. "मामा, भंगारात टाका तो. नवीन मागवू."

मामांनी मला उचललं. कोपऱ्यात मोडके स्टँड टाकलेली भंगाराची लोखंडी बादली होती. मामांचा हात सुटला आणि मला खालचा तळ दिसला. एवढ्या उंचावरून आपटलो तर उरलंसुरलंही जाणार! मी डोळे मिटले (नाहीत, तरी मिटले) आणि दोन्ही पायांनी बादलीचा काठ धरला.

खण्ण!

मामांनी मला आत ढकललं. मी सोडला नाही. त्यांनी मला ओढलं, तर बादलीच उचलली गेली. "अहो बाई, हा सुटत नाहीये! मेलेला असून हट्टी किती!"

बाई जवळ आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काळ्या पुडीकडे. "मामा, ही पूड कुठली?"

"मागच्या वर्षीचीच. तापवलेली, कुटून ठेवलेली. आत लोखंड आहेच की!"

"आहे, पण ते आता लोखंडासारखं वागत नाही." त्या वर्गाकडे वळल्या. "मुलांनो, बाटलीवर मिश्रण लिहिलंय, पण आत संयुग आहे. चुंबकाला ते कळलं, मला नाही."

मामांनी ताजं मिश्रण केलं. कीस माझ्या अंगावर धावत आला. मी इतका घाबरलेलो होतो, की एक कणही परत द्यायला तयार नव्हतो. मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या त्याला." मामांनी जीभ चावून बाटलीवर नवी चिठ्ठी लावली.

मित्रांनो, मी अजून भित्राच आहे. कपाटात पट्टी धरून बसलेला असतो आणि समोरच्या कोपऱ्यात ती बादली असते. तुम्हाला हात जोडले असते, पण मला नुसते पाय आहेत. आम्हाला तापवू नका, आपटू नका, आमची पट्टी हरवू नका. आणि एखाद्या दिवशी आम्ही काहीच उचललं नाही, तर भंगारात टाकण्याआधी एकदा खिळा दाखवून बघा.