दैवशालाला न मिळालेली भाकर

दैवशालाच्या साडीवर भंडारा होता. खांद्यावर, पदरावर, मानेवर, पिवळाधमक. तशीच ती बेंबळीतल्या आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात आली आणि खाली बसली.

लिंबाजीबुवा मागून म्हणाले, "बिरदेवानं अजून सोडलेलं दिसत न्हाय हिला."

चार जण हसले. देवाच्या घरात माणसं किती हलकट हसतात, ते बसून ऐकावं.

मी तिच्याच ओळीत बसलो होतो. त्या सकाळी काय झालं ते मला ठाऊक होतं, कारण रिक्षा माझी होती. तिची सासू रुद्रम्मा, एक अंग लुळं पडलेली म्हातारी, आठ दिवस एकच बोलत होती, मला एकदा बिरदेवाला न्या. लेक, म्हणजे दैवशालाचा नवरा, मेंढरांमागं रानात. घरात दुसरं कोण? दैवशाला. घरातली एकटी ख्रिस्ती. बाप्तिस्मा घेतला म्हणून नवऱ्यानं आठ दिवस मेंढवाड्यात झोपवलेली.

देऊळ माळावर, तिथं रिक्षा चढंना. तिनं सासूला पाठीवर घेतलं. म्हातारीनं वर भंडारा उधळला आणि त्याच हातानं पडू नये म्हणून सुनेच्या गळ्याला मिठी मारली.

पुजारी म्हणाला, "आलीच हायीस तर जोड की हात. तुझा येशू काय बघायला येतोय व्हय?"

"बघतोय म्हणून न्हाय, मामा. त्याच्यावर जीव हाय म्हणून जोडत न्हाय."

उन्हात ती तशीच उभी राहिली. सासूचं दर्शन झाल्यावर तिला घरी निजवलं, पाणी पाजलं आणि धावत प्रार्थनेला. साडी बदलली असती तर उशीर झाला असता, आणि महिन्याचा पहिला रविवार होता. प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा खायचा. त्यासाठी ही बाई महिनाभर दिवस मोजायची.

पास्टर रणधीर भाकरीचं ताट घेऊन तिच्यासमोर थांबले.

"देवळात गेला होता, ताई?"

"व्हय. आत्याबाईला घिऊन."

"उभं राहून सगळ्यांसमोर म्हणा, पाप झालं. प्रभू क्षमा करतो."

तिचा हात पुढं आलेला होता. तो तसाच राहिला.

"झालं असतं तर म्हणले असते, पास्टर. सासूला पाठीवर घेतली, ह्यात पाप कुठलं? एकवेळ तुमच्याम्होरं खोटं बोलंन. त्याच्याम्होरं कसं बोलू?"

ताट पुढं गेलं. तिनं हात पदराखाली घेतला. रडली, पण उठली नाही. शेवटच्या गीतापर्यंत बसली आणि गायली.

आणि मी? ताट माझ्यापुढं आलं तेव्हा मी तुकडा घेतला आणि खाल्ला. माझ्याही शर्टाला भंडारा लागला होता. मी तो आत यायच्या आधी झटकला होता. लाज वाटते लिहायला, म्हणूनच लिहितोय.

बाहेर आल्यावर म्हणालो, "म्या बोलायला पायजे होतं, वैनी."

"व्हय," ती म्हणाली. "पायजे होतं."

मी विचारलं, "आता दुसरीकडं जाणार का प्रार्थनेला?"

"कशाला? म्होरच्या रविवारी हितंच येणार. न्हाय दिली भाकर तरी. त्यो काय पास्टरच्या ताटातच बसलाय व्हय?"

सासूचं अंथरूण ओलं झालं असंल म्हणत ती निघाली. रिक्षात बसली नाही.

मी किल्ली फिरवली, बंद केली, परत फिरवली. शेवटी उतरलो आणि तरातरा आत गेलो. पास्टर उरलेले तुकडे रुमालात बांधत होते.

"तिला म्या नेलं होतं," मी म्हणालो. "माझ्या रिक्षातनं. म्हातारीला खाली उतरवायला म्याबी धरलं. भंडारा झटकून हितं बसलो आणि भाकर खाल्ली. तुम्ही इचारलंबी न्हाय."

त्यांनी रुमालाला गाठ मारायला घेतली.

"बोला की. आता काय करता? पोटातली काढून घेता, का तिला देता?"

पास्टरनं गाठ मारायला घेतलेला रुमाल हातातच राहिला. मी म्हणालो, ठीक हाय, रविवारी हेच सगळ्यांम्होरं इचारतो.