माझी टाकी गळत नव्हती

मी आगीचा बंब बोलतोय. हौस म्हणून नाही. माझ्या पोटातली पुटं खरवडून नेल्यापासून जो येतो तो विचारतो, "मग नक्की झालं काय?" चाकांत हवा नाही, घशात पाणी नाही, तरी बोलायचं. बसा, एकदाच सांगतो.

जन्म जर्मनीचा. तिथे म्हातारा ठरलो तेव्हा जहाजात घालून मला इकडे चिलीच्या दक्षिणेला धाडलं. इथले बंबवाले पगारी नाहीत. कुणी पाववाला, कुणी मास्तर. भोंगा वाजला की हातातलं टाकून टेकडीवरच्या आमच्या आवारात धावत येणार. माणसं जिवाची, हे मी नाकारत नाही. सव्वीस वर्षं त्यांच्याबरोबर धूर खाल्लाय.

पेट्रोलच्या आगीवर पाणी चालत नाही, फेस लागतो. त्याच्या औषधाची पिंपं आमच्या कोठारात असायची. पण आमच्या गावात पेट्रोल पेटतं कधी? पिंपांची मुदत संपायची. मग कप्तान हेराक्लिओ म्हणायचा, "टाकून कशाला द्यायचं? पोरांना खेळू दे की!"

फेब्रुवारीत, म्हणजे इकडच्या भर उन्हाळ्यात, गावची जत्रा. आवारात मला उभं करून, ते औषध माझ्या टाकीत ओतून कमरेइतका फेस उडवायचे. पोरं लोळायची, आया हसायच्या. मग सगळं नळीने धुऊन उताराला लावायचं. उताराखाली सुनिल्दाबाईची विहीर. पंधरा वर्षं हे चाललं. मलाही वाटायचं, बरं चाललंय. खोटं कशाला बोलू?

परवाच्या साली मायते नावाची मुलगी विहिरींचं पाणी तपासायला आली. सुनिल्दाबाईच्या पाण्यात फ्लोरिनचं असलं काही सापडलं, की ते सडत नाही, झिजत नाही, अंगात शिरलं की वर्षानुवर्षं हलत नाही.

"पण आम्ही उकळून पितो," बाई म्हणाली.

"उकळून पाणी आटतं, मावशी. हे राहतं."

गाव म्हणालं, चामड्याचा कारखाना! सगळ्यांत मोठा आवाज कप्तानाचा. मायते म्हणाली, "कारखाना विहिरीच्या खाली आहे. पाणी डोंगर चढतं का, कप्तान?"

ती विहिरीपासून वर निघाली. ओहळ, डबकं, गटार. दर शंभर पावलांवर एक बाटली. जितकी वर, तितका आकडा मोठा. शेवटची बाटली माझ्या पुढच्या चाकापाशी, मोरीत बुडाली. मग माझी टाकी खरवडली. विहिरीतलं आणि माझ्या पोटातलं एकाच घरचं निघालं, फेसाच्या औषधाचं.

कप्तानाने माझ्या बॉनेटवर थाप मारली. "हे डबडं गळत होतं हो! यंत्राला काय कळतंय!"

गळत होतं? मी? मायते उताणी माझ्याखाली शिरली, विजेरी फिरवली. "ओघळ नाही, डाग नाही," म्हणाली.

सुनिल्दाबाई फाटकात उभी होती. "डबडं गळत होतं, तर दर जत्रेला मी टॉवेल घेऊन इथे कशाला उभी असायची? माझी नातवंडं तुम्हीच लोळवलीत त्यात. माझी विहीर गेली ती गेली. शेजारच्या गावांना तरी खरं सांगा. तिथेही हीच गंमत चालते."



विहिरीवर आता सिमेंटचं झाकण आहे. बाई टँकरपुढे बादल्या लावते. एका रविवारी चर्चबाहेर कप्तानाने टोपी काढून तिची माफी मागितली, रडलासुद्धा. पण विहिरीच्या चौकशीत वर सरकारकडे पाठवलेल्या कागदावर त्याच्या सहीनिशी अजून तेच आहे, 'जुन्या वाहनाची गळती.' तो कागद वाचून शेजारची गावं निर्धास्त. आपला बंब गळत नाही ना? मग उडवा फेस!

मी थकलोय. उद्या भंगारवाला आला तर हुज्जत घालणार नाही. पण त्याआधी तो कागद फाडा, खरं काय ते लिहा. शेजारच्या गावांच्या विहिरी अजून उघड्या आहेत. ते लिहायचं आहे एकाच माणसाने, आणि माझी माफीही त्यानेच मागायची राहिलीये. कप्तान हेराक्लिओ उर्सुआ त्याचं नाव.