व्याह्यांच्या मापाचं शीड

गल्लीत सगळे त्यांना परवामास्तर म्हणत. कपडे कधी मिळतील असं विचारलं की गळ्यातली टेप सारखी करत मास्तर म्हणायचे, "परवा या." तो परवा कधी उजाडणार हे त्यांच्या शिलाई मशीनलाही ठाऊक नसायचं. पण कपडा एकदा अंगात घातला की गिऱ्हाईक सगळं विसरायचं. फिटिंग असं, की बोट दाखवायला जागा नाही.

अशा माणसाची अब्रू गेली कुठे, तर स्वतःच्या पोरीच्या लग्नात. व्याह्यांचा कोट मास्तरांनीच शिवला होता. फोटोच्या वेळी व्याह्यांचा चष्मा पडला, तो उचलायला ते वाकले आणि टर्रकन आवाज झाला. कोट कॉलरपासून कंबरेपर्यंत उसवला. उसवला कसला, फाटलाच. फोटोग्राफरने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. तो फोटो आता मुलीच्या सासरी भिंतीवर आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि एकटे मास्तर व्याह्यांच्या पाठीकडे.

व्याही चकार शब्द बोलले नाहीत, आणि तेच मास्तरांना खात होतं. चांगले भांडले असते तर विषय मिटला तरी असता. "बाबा, तो कोट अजून कपाटात तसाच टांगलाय," असं मुलगी एकदा बोलून गेली, तेव्हापासून मास्तरांना घास गोड लागेना. सगळ्या गावाने नावं ठेवली असती तरी चाललं असतं, पण पोरीच्या सासरी आपली ओळख कोट फाडणारा शिंपी अशी राहावी, हे काही त्यांना सहन होईना.

व्याही दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केला, पण पेशंटची खुर्ची काही त्यांना विकवली नाही. तिच्यावर त्यांनी लाकडी जहाज बांधायला घेतलं. वरचा दिवा खाली ओढायचा, पेडल दाबून खुर्ची हवी तेवढी उचलायची आणि दाढेतला कापूस काढायच्या चिमट्याने बारीक दोऱ्यांच्या गाठी मारायच्या. जुन्या सवयीने ते मधूनच जहाजाला "दुखतंय का?" असंही विचारायचे. घरच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं ठरवलं होतं.

जहाज झालं, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, राहिली ती शिडं. डॉक्टरांनी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, लाकूड आणि दोर माझे, शिडं तुमची. रविवारी दोन्ही घरची मंडळी बघायला जमणार आहेत. जमेल ना?"

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. एवढी संधी चालून आलेली, आणि तोंडातून काय निघावं? "परवा देतो."

 पलीकडून, डॉक्टरांच्या मागून, मुलीचा आवाज आला, "अहो बाबा." एवढंच.

पण या वेळी मास्तरांनी शब्द पाळला. मशीनची सुई एवढ्याशा कापडाला भगदाडं पाडत होती, म्हणून त्यांनी सगळं हाताने शिवलं. खऱ्या शिडाला कापडाचे पट्टे जोडलेले असतात, तशा उभ्या ओळी एकेरी धाग्याने घातल्या. बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"माझ्या कपड्यांना कधी एवढी बारीक टीप घातली नाहीत," ती म्हणाली.

"तू माझा व्याही आहेस का?"

"नाही ना. तेच तर नशीब."

एका बाबतीत मात्र मास्तरांनी चांगलीच धास्ती घेतली होती. पुन्हा काही घट्ट व्हायला नको. म्हणून प्रत्येक शिवणीत बोटभर माया सोडली, म्हणजे उद्या गिऱ्हाईक सुटलंच तर कपडा वाढवता येईल. आता जहाज कुठे सुटतं, तुम्हीच सांगा. पण भ्यायलेल्या शिंप्याला कोण समजावणार?

परवा म्हणजे परवाच मास्तर शिडं घेऊन हजर झाले. डॉक्टरांनी ती आडव्या काठ्यांना बांधली आणि ते दोन पावलं मागे सरकले. शिडं धुण्यासारखी लोंबत होती.

"काम सुरेख आहे," डॉक्टर अगदी जपून म्हणाले. "पण मास्तर, वारा कुठाय? भर समुद्रात वारा भरला की शिडाला पोट येतं. पोट पाहिजे."

पोट म्हटल्यावर मास्तरांना तो कोटच आठवला. त्यांनी शिडं सोडवून घेतली आणि मान खाली घालून घर गाठलं.

आता पोट काढणं म्हणजे मास्तरांच्या हातचा मळ. कापडाला टक्स घाला, फुगीर होतं. प्रश्न एवढाच, किती फुगीर? शिंप्याला माप लागतं. आणि मास्तरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल असं पोट जगात एकच होतं. लग्नाआधी माप घेताना व्याह्यांनी श्वास रोखून पोट आत ओढलं होतं. मास्तरांना ते स्पष्ट दिसत होतं. पण मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला "श्वास सोडा" कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांनी मुकाट्याने ते खोटं माप घेतलं. खरं माप त्यांना समजलं जेवणाच्या पंगतीत, फाटल्या कोटातून, आणि त्या दिवसापासून ते त्यांच्या डोक्यातून जाईना.

शिडांतली माया त्यांनी कापून टाकली आणि तेच माप लहान करून घेतलं. कापूस ठासून लिंबाएवढं पोट शिवलं, टक्स घातलेलं शीड स्टार्चमध्ये बुडवून त्याच्यावर ताणलं आणि वाळत ठेवलं.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"व्याह्यांचं पोट."

बायको चहा ठेवायला गेली. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही हे तिला बरोबर कळत होतं.

रविवारी मंडळी जमली. डॉक्टरांनी सकाळीच शिडं चढवून ठेवली होती. दिवा लागला आणि सगळे पुढे सरकले. शिडं अशी टच्च भरली होती की जहाज आता खुर्ची सोडून निघणार असं वाटावं. जावई टाळ्या वाजवायला लागला. मुलीने बापाकडे बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मास्तरांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी मधल्या मोठ्या शिडाकडे निरखून पाहिलं.

"अहो," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "जरा इथे एका अंगाने वळून उभे राहा बघू."

डॉक्टर उभे राहिले. विहीणबाईंनी पेडल दाबलं. खुर्ची कुरकुरत वर आली आणि शीड पोटाच्या बरोबरीला येऊन थांबलं. तोच उठाव, तोच उतार. डाव्या अंगाला जरा जास्तच झुकलेला, तोही तसाच.

"हे मी रोज बघते," विहीणबाई म्हणाल्या.

जावई खिडकीकडे वळला, त्याचे खांदे हलत होते. मुलीने डोळे मिटले. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टरांनी एक हात शिडावर ठेवला, एक स्वतःवर. "मास्तर, माप कुठलं?"

"तुमचंच," मास्तर म्हणाले. "कोटाच्या वेळी मी चुकलो, व्याही. या वेळी चुकायचं नव्हतं."

डॉक्टर हळूच आत निघून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तो कोट होता, पाठीत दुभंगलेला.

"चूक तुमची नव्हती," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मी पोट आत घेतलं होतं. नव्या व्याह्यांसमोर जरा बरं दिसावं म्हणून. कोट फाटला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण लाज वाटली. पुन्हा शिवून द्याल?"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि व्याह्यांच्या कंबरेभोवती टाकली. माप त्यांना पाठ होतं, पण हा मान सोडायचा नव्हता.

"आता श्वास सोडा," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी सोडला. टेप सरकली, आणखी सरकली, आणि मास्तरांच्या अंदाजाच्या पुढे दोन बोटं जाऊन थांबली. जहाजाची माया उगाच काढून टाकली, असं मास्तरांना वाटून गेलं.

"कोट मिळेल कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांच्या बायकोने, मुलीने आणि जावयाने एकमेकांकडे बघितलं.

"उद्या," मास्तर म्हणाले.

बायकोने खाली बसून पाणी मागितलं.